नाकासमोर

सकाळी आठ वाजता दाराची घंटा वाजली आणि भावोजींचं बिस्किट चहात पडलं. दिवस कसा जाणार याची कल्पना त्यांना तेव्हाच यायला हवी होती. पण भावोजींना कल्पना नेहमी उशिराच येते, हे तेही नाकारणार नाहीत.

दारात पन्नाशीच्या आतबाहेरच्या एक बाई उभ्या होत्या. केस घाईत बांधलेले, काखेत कागदाची जाड गुंडाळी. बसायच्या आधीच त्यांनी सांगून टाकलं, "माझ्याकडे आज दुपारी चारपर्यंत वेळ आहे. चारनंतर तुमचा काही उपयोग नाही."

"मग बसा," वहिनी म्हणाल्या. "उभं राहून वेळ वाढत नाही."

वहिनी म्हणजे या ऑफिसच्या मालकीण आणि खाजगी तपासनीस. भावोजी त्यांचे धाकटे दीर, शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे मास्तर. ऑफिस मूळचं भावोजींच्या थोरल्या भावाचं. ते गेल्यावर वहिनी पाटी उतरवायला शिडीवर चढल्या, आणि पाटी पुसून तशीच ठेवून खाली आल्या. त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून भावोजी रोज येतात, टिपणं काढतात, आणि थोरल्याच्या खुर्चीवर चुकूनही बसत नाहीत.

बाईंची हकीगत अशी. त्या एका कारखान्यात विमानांचे पंख आखत. विमानं म्हणजे लहान, खाजगी, आत बिछाना नि स्नानघर असलेली. ज्यांच्याकडे वेळ सोडून सगळं असतं अशा लोकांची. नव्या विमानाचा बोलबाला एकाच गोष्टीवर होता. आठ माणसं घेऊन ते कुठेही न उतरता बारा हजार किलोमीटर जाणार होतं. ते जाणार होतं बाईंच्या नव्या पंखाच्या जोरावर. लांब, सडपातळ पंख, सात वर्षांची मेहनत.

तीन आठवड्यांपूर्वी विमान खरोखरच बारा हजारांच्या प्रवासाला निघालं, आणि साडेअकरा हजारांवर इंधन कमी पडून त्याला वाटेतल्या विमानतळावर उतरावं लागलं. पाचशे किलोमीटर कमी, म्हणजे शंभरातले चार. आज चार वाजता मालकांची बैठक होती. त्यात नवा पंख रद्द करून जुना परत लावायचं ठरणार होतं. उद्या सकाळी नव्या पंखाचे साचे फोडणार होते.

"पंखच चुकला असेल तर?" वहिनींनी विचारलं.

"तर पहिला हातोडा मी घालीन," बाई म्हणाल्या. त्यांनी गुंडाळी टेबलावर ठेवली. "पण माझे आकडे तीन जणांनी तपासलेत. दोघं कारखान्यातले. तिसऱ्यांचं नाव मी सांगू शकत नाही, शब्द दिलाय. तिघांचं उत्तर एकच आलं."

भावोजींनी गुंडाळी उलगडून पाहिली. आकड्यांत त्यांना काय कळणार! पण समासात पेन्सिलीनं केलेली टिपणं पाहून त्यांच्यातला मास्तर खूश झाला. काय सुबक अक्षर! प्रत्येक सातच्या पोटात एक बारीक ठिपका. असं अक्षर वर्गात एकाचं असतं तरी मास्तरांचा जन्म सार्थकी लागला असता.

बाई पुढे सांगत होत्या. उड्डाणाची प्रत्येक क्षणाची नोंद एका लहानशा कार्डावर होते. कार्डाची खाच कॉकपिटमध्ये, वैमानिकांच्या खुर्च्यांच्या मागे. शेजारी कोऱ्या कार्डांचा डबा. उतरल्यावर कार्ड काढून पाकिटात घातलं, पाकीट केबिनच्या कपाटात ठेवलं, आणि कारखान्यात येऊन उघडलं तर त्यावर फक्त शेवटची चाळीस मिनिटं. आधीचे बारा तास गायब.

"यंत्र बिघडलं असेल," भावोजी म्हणाले.

"यंत्र ठणठणीत आहे, चारदा तपासलं. कोणीतरी कार्ड पुसलंय." ब्लॅक बॉक्सचाही उपयोग नव्हता. तो शेवटचे पंचवीस तास तेवढे ठेवतो, आणि नंतर केबिनमधला आवाज मोजायला विमान तीसेक तास उडवलं होतं.

विमानात माणसं चारच. कॅप्टन, त्यांचा को-पायलट, एक हवाई सेविका आणि केबिन बनवणारा मिस्त्री. बाई स्वतः जमिनीवर होत्या.

"कॅप्टन कसे आहेत?"

"कॅप्टन नाकासमोर चालणारा माणूस. कारखान्यात त्यांना 'नाकासमोर' असंच म्हणतात." बाईंनी पिशवीतून चाळीस पानांचा एक अहवाल काढला. "हा त्यांचा त्या उड्डाणाचा. वाचायचा दिवा सैल आहे, बटण घट्ट आहे, सगळं लिहितात. जुना पंख ज्यांनी आखला ते आमचे सर, त्यांचे हे सख्खे धाकटे भाऊ. आणि मी सरांची विद्यार्थिनी, त्यांच्याच जागेवर बसलेली. म्हणून तुम्हाला वाटेल की... पण नाही. तसं वाटून घेऊ नका."

"मी अजून काहीच वाटून घेतलेलं नाही," वहिनी म्हणाल्या, आणि कारखान्याकडे जायला निघेपर्यंत त्यांनी तो अहवाल पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून काढला.

---

विमान हँगरमध्ये उभं होतं. भावोजी पंखाखालून चालत गेले आणि मध्येच थांबले. पंख टोकाकडे इतका हलका होत वर वळला होता की एका रेघेत हात न उचलता काढल्यासारखा वाटत होता. हे फोडणार? भावोजींना एकदम राग आला. कुणाचा, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

आत मिस्त्री गुडघ्यावर बसून एका खणाला लोहचुंबक बसवत होता. साठीचा, बोलघेवडा, कानावर पेन्सिल. वहिनींनी विचारायच्या आधीच त्याचं गाऱ्हाणं सुरू झालं. हे खण त्यानं असल्या गुळगुळीत रुळांवर बसवले होते की फुंकर मारली तर उघडावेत. आणि त्या दिवशी उडल्यापासून उजव्या बाजूचे खण आपोआप उघडायला लागले. बंद केले की उघडले, बंद केले की उघडले.

"डाव्या बाजूचे?"

"डाव्या बाजूचे बघा, शहाण्या मुलासारखे गप्प. परत आल्यावर मी पाणसळ लावून बघितलं. बुडबुडा बरोब्बर मधोमध! जमिनीवर एक खण हलत नाही. विमानाला भूत लागलंय, दुसरं काय."

"आणि परतीच्या उड्डाणात?"

"भूत उतरलं असावं. तरी मी म्हटलं चुंबक लावून टाकू. विषाची परीक्षा कशाला?"

वहिनी हसल्या. मग त्यांनी बोलता बोलता स्वयंपाकाच्या ओट्यावरच्या संगमरवरावर टकटक केलं. नंतर स्नानघरातल्या दगडावर केलं. स्नानघरातला दगड पोकळ वाजला, ओट्याचा भरीव. मिस्त्रीचा चेहरा उतरला. विमानात दगड लावायचा तर कागदासारखा पातळ कापून हलक्या जाळीवर चिकटवायचा, हा नियम. ओट्याचा पातळ दगड आयत्या वेळी तडकला, म्हणून यानं अख्खा जाड दगड बसवला आणि वजनाच्या तक्त्यात जुनाच आकडा राहू दिला होता.

"किती किलो जास्त?"

"नव्वद," मिस्त्री जमिनीकडे बघत म्हणाला. "पण कार्डाला मी हात लावला नाही. कार्डं-बिर्डं मला कळत नाहीत."

भावोजी उत्साहानं बाईंकडे वळले. सापडला की चोर! वजन वाढलं, इंधन जास्त गेलं. बाईंनी उभ्या उभ्या हिशेब केला आणि मान हलवली. नव्वद किलोंनी फार तर पंचवीस किलोमीटर कमी होतील. पाचशे नाहीत.

"आणि वजन एकाच बाजूचे खण उघडत नाही," वहिनी म्हणाल्या. भावोजींनी ते टिपून घेतलं, पण कळलं असं नाही.

---

सेविका कॅन्टीनमध्ये भेटल्या. वीस वर्षं उडणाऱ्या, गुडघे दुखणाऱ्या, तोंडानं फटकळ. त्या उड्डाणात आठ पाहुण्यांच्या जागी सात वाळूची पोती पट्टे लावून बसवली होती आणि आठवा मिस्त्री. "पोती बरी," त्या म्हणाल्या. "घंटा वाजवत नाहीत. एक मिस्त्री सातांना भारी होता."

त्यांच्यावर संशयाला जागा होती. पाकीट ज्या कपाटात होतं, त्याची किल्ली त्यांच्याकडेच होती. हे त्यांनी स्वतःच सांगितलं, आणि कपाट रात्रभर उघडंच राहिलं होतं हेही. वहिनींनी विषय बदलला आणि कामाचं विचारलं. सेविका सुरूच झाल्या.

ढकलगाडी शेपटीकडे पळते, ते नेहमीचंच. उडताना विमानाचं नाक जरा वर असतं. पण त्या दिवशी ती डावीकडेही ओढत होती. डाव्या रांगेतल्या पोत्यांना ती इतक्यांदा धडकली की खरे पाहुणे असते तर तक्रार गेली असती. चहा तर विचारूच नका. काठोकाठ भरला की डाव्या अंगानं बशीत.

"दिवसभर?"

"शेवटचा चहा सोडून. तेव्हा बशी कोरडी होती. मला वाटलं, चला, हात बसला एकदाचा." त्यांनी खिशातून वही काढली. काय, कुणाला, किती वाजता दिलं, सगळं लिहिलेलं. शेवटचा चहा सहा वाजून बारा मिनिटांनी. विमान जमिनीला टेकलं सहा पन्नासला.

"तो चहा कुणी घेतला?"

"मिस्त्रीनं, आणि को-पायलटनं. बिचारा दिवसभर कॉकपिटमध्ये आखडला होता. पाच मिनिटं आधी येऊन केबिनच्या मधल्या टेबलाशी बसला. दहा मिनिटं पाय पसरले, चहा घेतला नि गेला."

को-पायलट पन्नाशीकडे झुकलेला, शब्द मोजून वापरणारा गृहस्थ होता. मालवाहू विमानांवर बरीच वर्षं काढलेली, या विमानावर मात्र पहिलंच लांबचं उड्डाण. या उड्डाणात कॅप्टनचं काही चुकलं असतं तर त्यांची खुर्ची यालाच मिळाली असती, असं कारखान्यात बोललं जात होतं. वहिनींनी ते त्याच्या तोंडावर सांगितलं. तो रागावला नाही. त्याला ती खुर्ची हवी होती, म्हणाला, पण रिकामी झाल्यावर.

"विमान कसं वाटलं?"

"चांगलं. नव्या विमानाला एखादी खोड असतेच. कॅप्टन म्हणाले, पंखाची आहे, सवय करून घे. मी करून घेतली."

"चहाला तुम्ही आपणहून उठलात?"

"नाही. कॅप्टननीच पाठवलं. जा, उतरायला वेळ आहे, म्हणाले."

भावोजींना तो माणूस आवडला नाही. फार कमी बोलणाऱ्यांच्या पोटात काहीतरी असतंच, असं त्यांचं मत होतं.

---

कॅप्टनच्या खोलीत मात्र भावोजी पाघळले. साधी खोली, झाडून पुसून लख्ख. भिंतीवर दोन भावांचा फोटो, एकमेकांच्या खांद्यावर हात. टेबलावर लाकडात कोरलेलं हातभर विमान.

"दादानं कोरलंय," कॅप्टन म्हणाले. "आमचा पहिला नमुना."

भावोजींनी ते कौतुकानं उचललं. पोटाखाली कोरलेला आकडा होता, सत्त्याहत्तर, दोन्ही सातांच्या पोटात ठिपके. त्यांनी विमान कानाशी हलवलं, तसं आत काहीतरी हलकेच खुळखुळलं. कॅप्टननी ते त्यांच्या हातून अलगद काढून घेतलं. "आत एक खिळा सुटलाय," ते म्हणाले, आणि विमान कपाटावर ठेवून दिलं.

दोघं भाऊ एकाच घरात राहत. थोरले वर, धाकटे खाली, जेवण एकत्र. पण घरात विमानाचा विषय काढायचा नाही, हा आईच्या वेळेपासूनचा दंडक. "दादा बाईंचं नावसुद्धा काढत नाही," कॅप्टन सहज म्हणून गेले. बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या.

वहिनींनी पंखाबद्दल विचारलं. कॅप्टन म्हणाले, पंखाबद्दल आपण वाईट बोलणार नाही, आकडे काय ते बोलतील.

"काही खोड वगैरे?"

"असती तर अहवालात लिहिली असती. विमान नाकासमोर नेलं आणि उतरवलं, एवढंच."

बाहेर पडल्यावर भावोजी म्हणाले, "भला माणूस आहे हो, वहिनी."

"आहे," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा इतका उदास होता की भावोजींनी पुढे काही विचारलं नाही. घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

---

अडीच वाजता सगळे विमानाच्या केबिनमध्ये जमले. चार उडालेले, पंखवाल्या बाई, आणि ढकलगाडीला टेकून भावोजी. बाईंनी बैठकीच्या खोलीतून दोनदा फोन येऊनही उचलला नव्हता. टेबलावर त्यांची गुंडाळी उघडी पडली होती.

वहिनींनी सेविकांकडून काठोकाठ भरलेला एक कप मागून घेतला आणि ट्रेमध्ये ठेवला. ट्रेच्या उजव्या कडेखाली भावोजींची वही सरकवली. चहा डाव्या अंगानं बशीत सांडला.

"हाच चहा त्या दिवशी बारा तास सांडत होता," त्या म्हणाल्या. "ढकलगाडी डावीकडे पळत होती. उजवे खण उघडत होते, कारण ते मधल्या वाटेकडे म्हणजे डावीकडे उघडतात. डावे खण त्याच कारणानं गप्प होते. जमिनीवर पाणसळीचा बुडबुडा मधोमध. म्हणजे केबिन सरळ, कलतं होतं ते विमान. डावा पंख जरासा खाली, दिवसभर. बाई, विमान असं कशानं उडतं?"

बाई आधीच उभ्या राहिल्या होत्या. "शेपटीचं सुकाणू थोडं वळवून ठेवलं तर. मग विमान सरळ वाटेनं जावं म्हणून एक पंख खाली धरावा लागतो. नाक एकीकडे, वाट दुसरीकडे." त्या थांबल्या. "दारातून कपाट तिरकं न्यावं तसं. हवा अडते. इंधन जास्त जातं."

"शंभरातले चार?"

"सहज."

मिस्त्रीनं कानावरची पेन्सिल काढून हातात धरली.

"आता असं सुकाणू चुकून राहू शकतं," वहिनी म्हणाल्या. "म्हणून मी कार्डाकडे आले. सगळे म्हणतात, कार्ड जमिनीवर पुसलं. पुसणारा सगळंच पुसेल. शेवटची चाळीस मिनिटं ठेवायचं त्याला काय कारण? ती ठेवली नाहीत, ती राहिली. हवेतच जुनं कार्ड काढून कोरं घातलं, आणि त्यावर तिथून पुढची नोंद झाली. विमान उतरलं सहा पन्नासला. म्हणजे कार्ड बदललं सहा दहाच्या सुमाराला. आणि सहा बाराला दिलेल्या चहाची बशी कोरडी."

सेविकांनी वही उघडून पाहिली आणि हळूच मिटली.

"ज्यानं सुकाणू सरळ केलं त्यानंच कार्ड बदललं, त्याच दोन मिनिटांत. नव्या कार्डावर विमान सरळ दिसायला हवं होतं ना. दोन्ही गोष्टी कॉकपिटमध्येच करता येतात. तेव्हा सेविका इथे चहा ओतत होत्या. मिस्त्री इथे चहा पीत होता. को-पायलट पाच मिनिटं आधीच येऊन इथे बसले होते, त्यांना मुद्दाम पाठवलं होतं."

उत्तर भावोजींना एरवी सगळ्यांच्या शेवटी कळतं. आज ते वेळेवर कळलं आणि कळायला नको होतं असं वाटलं.

"कॅप्टन," वहिनी म्हणाल्या, "वाचायचा दिवा सैल आहे हेसुद्धा तुम्ही लिहिता. को-पायलटना तुम्ही पंखाची खोड आहे असं सांगितलंत, सवय करून घ्यायला लावलीत. चाळीस पानांत त्या खोडीचा एक शब्द नाही. का, तर ती पंखाची नव्हतीच. आणि लिहून ठेवायचं खोटं तुमच्या हातून झालं नाही."

वहिनी वळल्या. "भावोजी, ते लाकडी विमान हलवलंत तेव्हा काय वाजलं?"

"ते म्हणाले, खिळा," भावोजी चाचरले. "पण खिळा लाकडात जड वाजतो. हे हलकं होतं. प्लास्टिकसारखं."

कॅप्टन उठले. भावोजींना वाटलं, हा माणूस आता निघून जाणार. पण पाच मिनिटांनी ते परत आले, हातात ते विमान. त्यांनी शेपटीची खुंटी फिरवून काढली आणि बोटाच्या पेराएवढं कार्ड टेबलावर ठेवलं.

"मोडून का नाही टाकलंत?" को-पायलटनं विचारलं. त्याच्या आवाजात राग होता, आणि तो त्याचा हक्कही होता.

"नोंद आहे ती," कॅप्टन म्हणाले. "नोंद कोणी नष्ट करत नाही."

बाईंनी कार्ड लॅपटॉपमध्ये घातलं. बारा तास, सुकाणू एकाच जागी, बोटभर वळलेलं. त्यांनी तेवढी अडलेली हवा हिशेबातून वजा केली. बारा हजार चाळीस. त्यांनी आकडा मोठ्यानं वाचला नाही, फक्त लॅपटॉप वहिनींकडे फिरवला, आणि मग तोंडावर हात ठेवून बसून राहिल्या. सात वर्षांचं ओझं उतरताना माणूस हसेलच असं नाही, हे भावोजींनी तेव्हा पाहिलं.

"दादानं तीस वर्षं त्या पंखात घातली," कॅप्टन कुणाकडेही न बघता म्हणाले. "निवृत्त झाला तेव्हा हातात फुलं दिली, आणि दुसऱ्या दिवशी त्याचा पंख कापून ठेवला. घरी येऊन तो एक शब्द बोलला नाही. मला ते बघवलं नाही. विमानाला धोका होऊ दिला नाही मी. फक्त... थोडं इंधन."

त्या केबिनमधल्या कुणालाही दया आली नसती तरी भावोजींना आली. थोरल्याची रिकामी खुर्ची काय असते ते त्यांना कुणी शिकवायला नको होतं. ते कुठे बघावं ते न कळून टेबलाकडे बघत होते. तिथे एका बाजूला लाकडी विमान पालथं पडलं होतं, दुसऱ्या बाजूला बाईंची गुंडाळी. दोन्हीकडे सातच्या पोटात ठिपका.

"एक मिनिट," भावोजी म्हणाले.

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. वहिनींनीसुद्धा.

"बाईंनी शब्द दिलाय, त्या सांगणार नाहीत. पण मी चित्रकलेचा मास्तर, मी कुणाला शब्द दिलेला नाही. कॅप्टन, हा सात बघा. तुमच्या विमानाच्या पोटावरचा. आणि हा बघा, या पंखाचे आकडे तपासणाऱ्या तिसऱ्या माणसाचा."

कॅप्टननी गुंडाळी जवळ ओढली. पेन्सिलीच्या बारीक अक्षरांवरून त्यांचं बोट हळूहळू सरकत गेलं. पान उलटलं, पुन्हा तेच अक्षर. शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात एकच ओळ होती, आणि ती त्यांनी ओठ हलवत वाचली: पंख बरोबर आहे, माझ्यापेक्षा चांगला आहे.

"दोन वर्षं," बाई हलकेच म्हणाल्या. "दर रविवारी मी कागद पाठवायचे, सर तपासून परत द्यायचे. कुणाला कळू द्यायचं नाही, ही त्यांचीच अट. धाकट्याला वाईट वाटेल, म्हणायचे. त्याला माझ्या जुन्या पंखाचा फार अभिमान आहे."

कॅप्टन खाली बसले. मिस्त्रीनं मुकाट्यानं पाण्याचा पेला पुढे केला आणि त्यांनी तो तसाच धरून ठेवला.

पावणेचार वाजले होते. बाईंनी कार्ड पाकिटात घातलं, गुंडाळी उचलली आणि दाराकडे निघाल्या. त्या पायऱ्यांपाशी पोचल्या तेव्हा मागून कॅप्टनचा आवाज आला.

"दादाला मी काय सांगू?"

बाई थांबल्या. रागवायला त्यांच्याकडे सात वर्षांची कारणं होती, पण त्या रागावल्या नाहीत.

"जे झालं ते," त्या म्हणाल्या. "नाकासमोर."

आणि बैठकीला उशीर होत होता म्हणून त्या भराभर पायऱ्या उतरून गेल्या.